खांद्यावरून दिसलेले खाशाबा

मंडळी, मी काही लेखक नाही. संगणकाच्या क्षेत्रात सल्लागार म्हणून काम करतो, म्हणजे दिवसभर इतरांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी घरी माझ्या चुका ऐकतो. स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून वेळ मारून नेतो. या वर्षी मात्र खरंच काही सांगायचं आहे. ते सुरू झालं एका फुटबॉलच्या सामन्यापासून आणि जाऊन पोहोचलं थेट माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत. थोडा धीर धरा.

आम्ही राहतो सँडरिंगहॅममध्ये. नाव इंग्लंडच्या राजघराण्याच्या वाड्याचं, पण रस्त्यावर वास जिरे-मोहरीच्या फोडणीचा. ऑकलंडमध्ये नव्यानं आलेल्या कुणालाही "कोथिंबीर, कढीपत्ता, हापूस कुठे मिळेल?" असं विचारलं तर उत्तर सँडरिंगहॅम रोड हेच येतं. याच रस्त्याच्या शहराकडच्या टोकाला ईडन पार्कचं भलंमोठं स्टेडियम आहे. सामना असला की आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि गर्दीची आरोळी स्वयंपाकघरात ऐकू येते. आरोळीच्या आवाजावरून घरबसल्या स्कोअर ओळखायची कला माझ्या बायकोला साधली आहे.

२० जुलै २०२३ला याच मैदानावर महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना झाला, न्यूझीलंड विरुद्ध नॉर्वे. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. शनिवारी सकाळी चिखलात लोळून फुटबॉल खेळणारी. तिच्या हट्टापायी आम्ही तिकिटं काढली होती. बेचाळीस हजार लोक, हाडं गोठवणारी थंडी आणि उत्तरार्ध सुरू होताच हॅना विल्किन्सननं मारलेला तो एकमेव गोल! विश्वचषकात न्यूझीलंडच्या मुलींचा हा पहिलाच विजय. शेजारी बसलेल्या अनोळखी किवी आजीबाईंनी मला चक्क मिठी मारली.

परत येताना चालता चालता मुलीनं विचारलं, "बाबा, इंडियाकडून असं भारी कोण खेळलंय? शाळेत 'आमच्या घराण्याच्या देशाचा खेळाडू' असा प्रोजेक्ट आहे. पण क्रिकेट नको हं. सगळी इंडियन मुलं क्रिकेटच करणार आहेत."

झाली का पंचाईत! क्रिकेट वजा केलं की माझ्या ज्ञानाची पाटी कोरी.

रात्री जेवणं आटोपल्यावर दोघं संगणकासमोर बसलो. फुटबॉलपासूनच सुरुवात केली आणि एक नाव सापडलं, नेव्हिल डिसूझा. गोव्यातल्या आसगावचा जन्म, फुटबॉल मुंबईचा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि त्या चारांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्याचाच. एकूण चार गोल, म्हणजे त्या स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला. भारत चौथा आला. आजवर फुटबॉलमध्ये आपण त्याच्या वर गेलेलो नाही. नेव्हिल १९८० साली, वयाची पन्नाशीही न गाठता गेला. मुंबईत लोकलमधल्या दहा जणांना विचारलं तर किती जणांना त्याचं नाव माहीत असेल? आपल्या समुद्रापलीकडच्या शेजारघरी एवढा पराक्रम केलेला आपला माणूस, आणि तो मला चव्वेचाळीसाव्या वर्षी कळला.

मुलगी खूष झाली. पण मला राहवेना. मी कराडला अण्णांना फोन लावला. इकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे अडीच, अण्णांची वामकुक्षी नुकतीच झालेली असते. अण्णा हायस्कुलात शिक्षक होते, सामान्यज्ञान हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मोठ्या ऐटीत नेव्हिलची माहिती सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले,

"चांगलं आहे. पण मेलबर्नला जायच्या आधी जरा गोळेश्वरला जाऊन ये की."

मंडळी, गोळेश्वर म्हणजे कराडला अगदी लागून असलेलं गाव. मी कराडच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षं काढली. त्या बाजूनं सायकलवरून, एसटीनं, मित्रांच्या मोटारसायकलवरून शेकडो वेळा गेलो असेन. खाशाबा जाधव हे नाव कानावर होतं, पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीसारखं. "स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे." एका गुणाचा प्रश्न. त्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो.

"मी बघितलंय त्यांना," अण्णा म्हणाले. "तुझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून. सहा वर्षांचा होतो."

हे अण्णांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

१९५२ साली हेलसिंकीहून पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराड रेल्वे स्टेशनवर, म्हणजे ओगलेवाडीला, सगळा मुलूख लोटला होता. शंभरावर बैलगाड्या मिरवणुकीत होत्या. थोड्या अंतराला कित्येक तास लागले. अण्णांना आठवतात ती बैलांची रंगवलेली शिंगं, हलगीचा कडकडाट, गुलाल आणि गर्दीत मधोमध एक ठेंगणा, मजबूत, लाजरा माणूस. "मला वाटलं होतं मोठा धिप्पाड राक्षस असणार. तर हा आपल्या चुलत्यांएवढाच! मी आजोबांना विचारलं, हाच का तो? तर ते म्हणाले, हाच. नीट बघून ठेव, परत असा दिसायचा न्हाई."

त्या रात्री मी झोपलोच नाही. मिळेल ते वाचत बसलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मुलांना आपणच सांगायचं आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा. वडीलही पैलवान, त्यामुळे लाल मातीचं बाळकडू घरातच. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगकाठी लहान, पण चपळाई अशी की पुढे लोक त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणू लागले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. आयुष्य मातीच्या आखाड्यात गेलेलं आणि तिथं कुस्ती गादीवरची, नियम परके, गुण मोजण्याची रीत वेगळी. तरीही फ्लायवेट गटात सहावे आले. मी या देशात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बसचं तिकीट कसं काढायचं हेही मला कळत नव्हतं. हा माणूस परक्या देशात, परक्या नियमांनी, जगातल्या उत्तमोत्तम मल्लांशी लढून सहावा आला!

मग चार वर्षं त्यांनी जिवापाड मेहनत केली. पण हेलसिंकीच्या निवडीच्या वेळी घोटाळा झाला. आपल्याला जाणूनबुजून गुण कमी दिले अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून जागा मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे कुठून आणायचे? सरकारदरबारी हवी तशी दाद लागली नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी काढली. तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्यानं, आपल्या एका माजी विद्यार्थ्यासाठी! हे वाचताना मी थांबलो. का थांबलो ते पुढे सांगतो.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती खूप वेळ चालली आणि ती ते हरले. दमलेले असताना, पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवसमोर उभं केलं. नियमानं मधे अर्धा तास मिळायला हवा होता, पण ते ठणकावून सांगायला तिथं आपला कुणी अधिकारीच हजर नव्हता, असं सांगतात. ती कुस्तीही हातची गेली. इशी सुवर्ण, मामेदबेयोव रौप्य आणि आमचे खाशाबा कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं. साहजिकच देशभर हॉकीचा जयजयकार झाला आणि कांस्यपदकाचा आनंद झाला तो मुख्यतः सातारा-कोल्हापूरकडे.

परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? सत्कार झाले, हार झाले. आणि मग त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः लढले. त्यातून जमलेल्या पैशांतून खर्डीकरांचं घर गहाणातून सोडवलं. ऑलिंपिक पदक गळ्यात पडलेला माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे आपल्यासाठी ज्यानं घर पणाला लावलं, त्याचं कर्ज फेडणं.

त्यांनी लोकांचं देणं असं चुकतं केलं. लोकांनी, म्हणजे आपण, त्यांचं देणं कसं चुकवलं ते आता ऐका.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, खेळाडू घडवले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६चं ऑलिंपिक हुकलं. त्यानंतर नाव हळूहळू मागे पडत गेलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर स्वतःच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. क्रीडा संघटनांनी पाठ फिरवली होती. शेवटचा काळ ओढगस्तीत गेला. १९८२ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. पत्नीलाही मदतीसाठी वणवण करावी लागली.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षं हयात होते. पण अर्जुन पुरस्कार त्यांच्या घरी आला तो २००० सालचा, ते गेल्यानंतर. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव मिळालं ते २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. २०१७ साली तर अशी वेळ आली, की गावात कुस्ती संकुल बांधण्याचा शब्द पाळला जात नाही म्हणून पदकच लिलावात काढतो, असं त्यांच्या मुलाला म्हणावं लागलं. पुढे २०२३च्या १५ जानेवारीला गूगलनं त्यांचं चित्र पहिल्या पानावर लावलं आणि त्यांचा जन्मदिवस हा राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळायचं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं. चांगलंच झालं. पण ज्या माणसाला पेन्शन वेळेवर हवी होती, त्याला आपण चौतीस-चाळीस वर्षांनी हार घातले.

अण्णांना मी फोनवर विचारलं, "नंतर कधी दिसायचे का हो ते?"

"दिसायचे की. कराडात, बाजारात. आम्ही नमस्कार करायचो, तेही करायचे. आणि आम्ही पुढं जायचो." थोडं थांबून म्हणाले, "कसं चाललंय, काही लागतंय का, असं मी काही कधी विचारलं नाही. एवढा मोठा माणूस, त्याला काय कमी असणार, असं वाटायचं."

आता या गोष्टीचा आपल्या न्यूझीलंडशी संबंध. मुलीच्या प्रोजेक्टसाठी हेलसिंकीची माहिती काढताना तीच किंचाळली, "बाबा, सेम डे!" न्यूझीलंडच्या यव्हेट विल्यम्स यांनी लांब उडीत सुवर्णपदक जिंकलं, तेही २३ जुलै १९५२ रोजी, त्याच हेलसिंकीत. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ही न्यूझीलंडची पहिली स्त्री. पहिल्या दोन्ही उड्या बाद. तिसरी चुकली असती तर घरी परत. तिसरी जेमतेम साधली आणि चौथी पडली ६.२४ मीटर, विश्वविक्रमापेक्षा फक्त एक सेंटिमीटर कमी. दोन वर्षांनी गिसबोर्नमध्ये त्यांनी तो विक्रमही मोडला.

म्हणजे एकाच शहरात, एकाच दिवशी ड्युनेडिनची एक मुलगी आणि गोळेश्वरचा एक मुलगा आपापल्या देशासाठी इतिहास घडवत होते. दोघंही साध्या घरांतले, दोघांनाही पैशांचं पाठबळ नाही, दोघांच्याही मागे उभे राहिले ते गावचे लोक. पुढे यव्हेटबाईंनी ऑकलंडमध्येच शाळेतल्या मुलांना व्यायाम शिकवला, इथल्या खेळाडूंच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव अग्रभागी राहिलं आणि १३ एप्रिल २०१९ला, नव्वदीला बारा दिवस कमी असताना, त्या गेल्या. मी त्यांच्याच शहरात पंधरा-सोळा वर्षं राहत होतो आणि मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. जसं गोळेश्वरच्या शेजारी राहून खाशाबा ठाऊक नव्हते! दोन्ही देशांत मी एकसारखाच अज्ञानी निघालो, एवढंच काय ते सातत्य.

इथलं सगळं सोन्यासारखं आणि आपलं सगळं मातीमोल, असं मला म्हणायचं नाही. यव्हेटबाईंना 'डेम' हा मोठा किताब जाहीर झाला तो २०१९च्या जूनमध्ये, पदकानंतर सदुसष्ट वर्षांनी, आणि तो ऐकायला त्या नव्हत्या. उशीर इथंही होतो. फरक एवढाच, की इथं उशीर झाला तो किताबाला. तिथं उशीर झाला तो पेन्शनला. किताबावाचून माणूस जगतो.

मुलीनं दोघांवर मिळून प्रोजेक्ट केला. एका बाजूला वाळूचा खड्डा, एका बाजूला लाल मातीचा आखाडा, मधे तारीख. वर्गात उभं राहून तिनं "खाशाबा" हा शब्द सगळ्यांकडून तीन वेळा म्हणवून घेतला. पहिल्याच दमात बरोबर म्हटला तो तिच्या माओरी मैत्रिणीनं.

इथं लेख संपवता आला असता. पण खर्डीकरांच्या घरापाशी मी का थांबलो, ते सांगायचं राहिलं आहे.

२००३ साली मी ऑकलंडला मास्टर्स करायला आलो. फी भरायला पैसे नव्हते. अण्णांनी आमचं घर बँकेकडे तारण ठेवलं आणि कर्ज काढलं. मला तेव्हा त्यात विशेष वाटलं नाही. सगळ्यांचे वडील असंच करतात, असं वाटायचं. २००४च्या जूनमध्ये अण्णा निवृत्त झाले. पेन्शन काही सुरू होईना. मी तेव्हा इथं अभ्यास आणि पेट्रोल पंपावरची रात्रपाळी यांत बुडालेलो. रविवारी फोन व्हायचा. अण्णा म्हणायचे, "सेवापुस्तकात एक नोंद राहिलीय, त्रुटी निघाली, फाईल परत आली." मी वैतागून म्हणायचो, "अण्णा, तुम्ही लोक पाठपुरावाच करत नाही. एक नीट पत्र लिहा ना!" दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी तो विषय काढणं बंद केलं. मला वाटलं, झालं असेल काम.

डिसेंबर २०२४मध्ये आम्ही कराडला गेलो. त्याच वर्षी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं होतं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तब्बल बहात्तर वर्षांनी. या वेळी सरकारनं लगेच बक्षीस जाहीर केलं, रेल्वेनं बढती दिली. अण्णा टीव्हीवर ते बघून म्हणाले होते, "चला, शिकले एकदाचे."

मुलीला गोळेश्वर बघायचं होतं. गेलो. गावात खाशाबांचं नाव अभिमानानं घेतात. एका म्हाताऱ्या बाबांना माझ्या मुलीनं आपल्या किवी मराठीत विचारलं, "तुम्ही बघितलं त्यांना?" बाबा हसले, "आगं, आमचा गाववालाच त्यो!" तिनं तिथली मूठभर माती कागदात बांधून घ्यायचा हट्ट धरला. विमानतळावर माती चालत नाही, न्यूझीलंडवाले दंड करतील, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी मातीचा फोटो काढला आणि माती परत ठेवली.

त्या संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. नातीला दाखवायला खाशाबांच्या बातम्यांची कात्रणं शोधायची होती. ती सापडली. त्याच्याखाली एक जाडजूड फाईल होती. मी उघडली. अण्णांच्या सुवाच्य शिक्षकी अक्षरात एकामागून एक पत्रं. प्रत्येकावर आवक क्रमांकाचा शिक्का. "विनंती अर्ज क्रमांक ७", "विनंती अर्ज क्रमांक १३", "स्मरणपत्र". शेवटच्या अर्जावर एकोणीस आकडा होता. पेन्शन सुरू झाली ती सव्वादोन वर्षांनी. आणि फाईलच्या मागच्या बाजूला सराफाच्या दुकानाची पावती, आईच्या पाटल्यांची. तारीख मार्च २००५. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचा महिना.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "अरे, जुन्या घडणीच्या होत्या. कोण घालतंय आता तसल्या."

अण्णांना म्हटलं, "मला सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "तू पत्र नीट लिहा म्हणालास, म्हणून नीट लिहीत होतो." हे ते हसून म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, खाशाबा जाधवांना जिथं थांबायला लागलं, तिथं मी कोण? रांग लांब होती एवढंच."

मंडळी, मी कर्ज फेडलं होतं. नोकरी लागल्यावर चार वर्षांत घराची कागदपत्रं सोडवली आणि तेव्हा मला वाटलं होतं, की हिशेब पुरा झाला. खाशाबांनी खर्डीकरांचं घर सोडवलं तसंच की! पण त्या फाईलसमोर बसल्यावर कळलं, की तसं नाही. खाशाबांना ठाऊक होतं आपल्यासाठी कुणी काय गहाण टाकलंय. मला घर ठाऊक होतं, पाटल्या ठाऊक नव्हत्या, एकोणीस अर्ज ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेलं देणं फेडणार कसं? एवढ्या मोठ्या माणसाला काय कमी असणार, असं म्हणून अण्णा बाजारातून पुढे गेले. अण्णा खमके आहेत, त्यांना काय कमी असणार, असं म्हणून मी फोन ठेवत गेलो. दुर्लक्ष काही फक्त सरकारी कचेऱ्यांतच होतं असं नाही. प्रेमाच्या माणसांकडूनही होतं, आणि त्यात वाईट हेतू नसतो. विचारायचं राहून जातं, इतकंच.

आल्यापासून मी एक नेम केला आहे. रविवारच्या फोनवर "तब्येत कशी, पाऊस कसा" झालं, की अण्णांना एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर मला माहीत नाही. पहिला पगार किती होता? आजीचं माहेर कुठलं? कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री तुम्ही कुठे होता? मुलगी शेजारी बसून वहीत लिहून घेते. तिचं शुद्धलेखन बघून अण्णा घायाळ होतात, पण वही भरते आहे.

आपल्या मंडळात या वर्षी कितीतरी आजी-आजोबा पाहुणे म्हणून आले आहेत. गणपतीच्या आरतीनंतर ते खुर्च्यांवर मागच्या रांगेत बसलेले असतात आणि आपण प्रसादाच्या रांगेत असतो. त्यांतल्या एखाद्यानं कुणाला खांद्यावरून पाहिलेलं असेल. जरा शेजारी जाऊन बसा आणि विचारा. आणि हो, "काही लागतंय का?" हेही विचारा. ते "काही नको" म्हणतील. तेव्हा लगेच उठू नका.